सुई आणि सोयरीक

आजार मला झाला होता आणि डॉक्टरांनी तो सांगितला माझ्या सासऱ्यांना. मी तिथंच होते. तालुक्याच्या दवाखान्यात, डॉक्टरांच्या टेबलाशेजारी भिंतीला लागून एक बाकडं होतं, त्यावर डोक्यावरून पदर ओढून बसले होते. डॉक्टर हैदराबादेहून बदलून आलेले, उर्दूत बोलायचे. मला त्यातलं काही कळत नसणार असं ते धरून चालले असावेत. पण नेकनूरला माझ्या माहेराच्या शेजारी अत्तारांचं घर होतं, त्यांच्या पोरींबरोबर खेळून मी मोठी झाले होते. मला सगळं कळत होतं. डॉक्टर म्हणाले, ही साखरेची बीमारी आहे. म्हाताऱ्या माणसाला होते ती वेगळी, तरण्या पोरीला होते ती फार वाईट. पूर्वी अशी माणसं वाळून वाळून मरायची. आता एक नवं औषध निघालंय, ते सुईनं रोज टोचून घ्यावं लागतं, आणि जन्मभर घ्यावं लागतं.

सासऱ्यांनी विचारलं, नाही घेतलं तर काय होईल. डॉक्टरांनी नुसता हात हलवला, माशी उडवावी तसा.

सासरे गावचे पाटील. सिरसाळ्यात भावाभावांचा बांध फुटला की दोन्हीकडचं ऐकून घेतल्याशिवाय ते शब्द काढत नसत, असा त्यांचा लौकिक होता. पण त्या दिवशी त्यांनी मागं वळून माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला तो असा, की हिला पुढं पोरं होतील का.

मला तेव्हा एक मुलगी होती, नुकतीच पाऊल टाकायला लागलेली. ती माझ्या जावेपाशी घरी होती. मी बाकड्यावरूनच म्हणाले, "ती सुई कुठं मिळती ते इचारा आधी."

दोघांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू बाकडंच बोललं होतं.

त्याआधीचा सगळा हिवाळा मी पाण्यापायी बदनाम झाले होते. थंडीच्या दिवसांत माणूस पाण्याला शिवत नाही, आणि मी कळशीच्या कळशी रिकामी करायचे. जीभ टाळूला चिकटायची. रात्री पाणी, पहाटे पाणी, आणि पाणी प्यायलं की लगेच बाहेर जायची घाई. आमच्याकडे बायांनी परसाकडे जायचं ते अंधारात. उजाडायच्या आधी नाहीतर दिवस मावळल्यावर. मधला सगळा दिवस बाईला पोट-पाणी नसतंच असं समजून घर चालायचं. मी भर दुपारी गोठ्यामागं जायला लागले तेव्हा सासूबाईंना भलताच संशय आला, आणि त्यांनी माझ्या जावेला माझ्या मागावर ठेवलं. कुठं जाती, कोण भेटतंय, किती वेळ लावती. अंगावर मांस उरलं नव्हतं, बांगड्या कोपरापर्यंत चढत होत्या, चोळी खांद्यावरून घसरत होती, आणि माझ्यावर पाळत ठेवली होती. आज इतक्या वर्षांनीही ते आठवलं की माझं डोकं भणभणतं.

गोठ्यामागच्या त्या जागी मुंग्या जमायला लागल्या. जावेनं ते बघितलं आणि सासूबाईंना सांगितलं. झालं, करणी ठरली. एका देवऋष्याला बोलावलं. त्यानं लिंबाच्या डहाळ्यांनी माझ्या पाठीवर मारलं, धुरासमोर बसवलं, आणि तीन दिवस पाणी कमी द्यायला सांगितलं. तहानेनं जीव चाललेल्या बाईला पाणी कमी द्यायला सांगितलं. माझ्या सासूबाईंनी रांजणावर परात झाकून तिच्यावर पाटा ठेवला.

त्यातून मी वाचले ती माझ्या वडिलांमुळं. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. ते संक्रांतीचं वाण घेऊन आले आणि मला बघून दारातल्या ढेलजेतच खाली बसले. मग उठून सासऱ्यांना म्हणाले की दवाखान्यात तुम्ही नेता का मी नेऊ. लेकीचा बाप व्याह्याशी इतकं सरळ बोलत नसतो. सासऱ्यांना ते लागलं, आणि लागलं म्हणूनच त्यांनी दुसऱ्या दिवशी गाडी जुंपली.

औषध हैदराबादेहून यायचं. परळीपर्यंत रेल्वे आली होती, तिथून गाडीनं. ते येईपर्यंत आणि त्यानंतरही काही दिवस मला दवाखान्यात ठेवून घेतलं. सोबतीला माझे मालक राहिले. ते पाटलांचे धाकटे चिरंजीव, बीडच्या मदरशात उर्दू शिकलेले, दिसायला उंचपुरे, आवाज मवाळ. डॉक्टरांनी ठरवलं की सुई टोचायला त्यांनी शिकायचं. मला शिकवा असं मी म्हणाले, तर डॉक्टर म्हणाले की औरतजातीचा हात कापतो.

हात कापला तो माझ्या मालकांचा. डॉक्टरांनी काचेची पिचकारी उकळत्या पाण्यातून काढली, बाटलीच्या रबरी टोपणातून औषध ओढून घेतलं, आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती धरली, माझ्या मांडीकडे बघितलं, आणि त्यांच्या कपाळावर घाम फुटला. पिचकारी डॉक्टरांनी झेलली म्हणून वाचली. मालक भिंतीला टेकत टेकत खाली बसले, ओठ पांढरे पडले होते. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या वेळी मी डॉक्टरांच्या हातातून पिचकारी घेतली, चामडी चिमटीत धरली आणि सुई घुसवली. दुखलं. गांधीलमाशी चावल्यावर दुखतं तसं. त्या दिवसापासून डॉक्टर मला शिकवायला लागले. पिचकारीवरच्या रेघा कशा वाचायच्या, सुई बोथट झाली की पाणदगडावर कशी घासायची, लघवी नळीत घेऊन निळ्या औषधाबरोबर उकळून कशी तपासायची. निळी राहिली तर बरं, हिरवी झाली तर सांभाळून, विटेसारखी लाल झाली तर साखर फार.

काही दिवसांतच माझी तहान गेली. एक तांब्या पाणी प्यायले आणि पुरे झालं. पाणी पिऊन तहान भागते हे मी विसरूनच गेले होते. मी तो रिकामा तांब्या मांडीवर धरून रडले.

दवाखान्यातून निघताना डॉक्टरांनी एक गोष्ट मालकांना दोनदा बजावून सांगितली. सुई घेतली की लगेच जेवण पाहिजे. जेवणाला उशीर झाला की अंगातली साखर एकदम उतरते. घाम येतो, हातपाय थरथरतात, माणूस वेड्यासारखं बरळतं. अशा वेळी तोंडात लगेच गूळ घालायचा. एरवी गोड बंद, पण तेव्हा गूळ हेच औषध. मालकांनी मान हलवली. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण पुढं जे झालं त्यात त्यांना हे ठाऊक होतं.

घरी आल्यावर पहिले काही दिवस बरे गेले. औषधाची बाटली थंड ठेवायची असते, म्हणून मी ती एका लहान गाडग्यात घालून रांजणाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवायचे. अंग भरायला लागलं. लेकीला कडेवर घेऊन माळवदावर चढायची ताकद आली. मग सासऱ्यांचे एक चुलतभाऊ जालन्याहून आले. तिकडं त्यांच्या कानावर आलं होतं की ह्या सुईतलं औषध बैलाच्या नाहीतर डुकराच्या पोटातली गाठ काढून तिच्यापासून करतात. त्यांनी हे जेवताना सांगितलं, आणि त्याच संध्याकाळी माझं ताट वेगळं झालं.

स्वयंपाकघर बंद, देवघर बंद, रांजण बंद. मला पाणी वरून ओतायचं. पहिले दोन दिवस मला वाटलं सुतकासारखं काही असेल, फिटेल. मग एका सकाळी मी वाळू उकरली तर गाडगं नव्हतं. शोधता शोधता ते गोठ्याच्या भिंतीवर सापडलं. चैत्रातल्या उन्हात, उघड्यावर. आत हात घातला तर बाटली चुलीवरच्या भांड्यासारखी तापलेली.

मी तशीच सासूबाईंपुढं जाऊन उभी राहिले. हे कुणी केलं असं विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, प्यायच्या पाण्यापाशी जनावराचं काही नको. मी म्हणाले, "आत्याबाई, हिरीवरची मोट कशाची हाय? बैलाच्या चामड्याचीच हाय की. तिच्यातलं पाणी समदं गाव पितंय. रांजणात बी तेच हाय."

"त्ये येगळं."

"कावून येगळं?"

त्यांनी वर बघितलं. "सुई घ्याया लागल्यापासून तुझं त्वांड लई चालाया लागलंय."

ते खरंच होतं. अंगात जीव आला होता, तो तोंडातूनही बाहेर पडणारच. पण त्यांना उत्तर द्यायचं नव्हतं. आमच्या घरातले पुरुष सुगीच्या जेवणाला बोकड कापायचे आणि हाडं चोखून आमच्या पुढ्यात टाकायचे. ते जनावर नव्हतं. माझ्या मांडीतून आत जाणारं चार थेंब पाणी मात्र जनावर होतं. आणि औषध आणायला घरात पैशाची अडचण होती म्हणावं तर तीही नव्हती. जमीन काळीभोर, धान्यानं पेवं भरलेली. असती तर निदान मला समजलं असतं.

ती बाटली वाया गेली. नवी येईपर्यंत मी पुन्हा वाळले, पुन्हा तहानले. आणि त्याच दिवसांत, मी अंथरुणाला धरून होते तेव्हा, घरातल्या मोठ्या माणसांनी ठरवलं की धाकट्याचं दुसरं लग्न करायचं. मला हे तेव्हा कळलं नाही. मला दिसलं ते एवढंच की सासूबाईंनी गुळाची ढेप लाकडी पेटीत ठेवून तिला कुलूप लावलं. डॉक्टरांनी गोड बंद सांगितलंय असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. डॉक्टरांनी सांगितलेल्या गोष्टींपैकी ही एकच त्यांनी मनापासून पाळली. मी जावेकडून एक खडा मागून घेतला आणि कनवटीला बांधून ठेवला, तर तो धुणं धुताना सापडला. सून चोरून गूळ खाते म्हणून आळीभर झालं.

नवी बाटली आली, मी पुन्हा उभी राहिले. आता बाटली मी कुणाच्या हाती लागू देत नव्हते, दिवसभर पदराखाली ओल्या फडक्यात गुंडाळून बाळगायचे. माझं उभं राहणं घरात कुणाला फारसं सोयीचं नव्हतं हे मला जावेनं सांगितलं. आम्ही दोघी जात्यावर बसलो होतो. जातं चालवायला माझे हात चालत होते, दळलेल्या पिठाला मात्र मी शिवायचं नव्हतं. ती खाली मान घालून म्हणाली की उद्या पाहुणे येणार आहेत, माजलगावाकडचे, पोरीचे वडील आणि चुलता. कुणाच्या पोरीचे, मी विचारलं. तिनं जात्याचा खुंटा सोडला. मग मला कळलं.

आधी मला हसू आलं. मग इतका संताप आला की बोलता येईना. रात्री मालक माळवदावर झोपायला गेले ते खाली उतरलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी घर सारवलं होतं, ढेलजेत जाजमं अंथरली होती, शेवया, शिरा, वड्या. मला सकाळीच सांगून ठेवलं होतं की पाहुणे जाईपर्यंत मागच्या सोप्यातून बाहेर यायचं नाही. दुपारी जाऊ डोकावून म्हणाली, ताटं वाढायला घेतलीत, तुझं बी आणते. म्हणून मी सुई घेतली. आणि तेवढ्यात पाहुणे आले. मग पाय धुणं, गूळपाणी, चिलीम, पाऊसपाण्याच्या गोष्टी. ताटं पुरुषांची आधी, मग पोरांची, मग बायांची, आणि माझं वेगळं ताट सगळ्यांच्या शेवटी. मी वाट बघत राहिले. जावेला हाक मारली, ती चुलीपाशी अडकलेली. सासूबाई दारातून गेल्या, त्यांना म्हणाले की आत्याबाई, मला एक घास द्या. त्या म्हणाल्या, पाहुणे उपाशी आहेत अजून.

आधी ओठ बधिर झाले. मग पाठीवरून घाम ओघळायला लागला. हात असे थरथरायला लागले की भिंत धरता येईना. मी गुळाच्या पेटीपाशी गेले, कुलूप ओढलं, ते काय निघतंय. सासूबाई धावत आल्या. मी त्यांना म्हणाले, गूळ द्या. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि दबक्या आवाजात म्हणाल्या की आजच्या दिवशी तमाशा करू नको, गोड तुला विष आहे. मी म्हणत होते गूळ, गूळ, आणि माझी जीभ जड पडत चालली होती. डोळ्यांपुढं सगळं पांढरं होत होतं. त्या पांढऱ्यात मला एवढंच समजत होतं की शिरा ढेलजेत आहे.

मी त्यांचे हात झटकले आणि ढेलजेत गेले. डोक्यावर पदर नव्हता. पुरुष पंगतीला बसले होते, नुकतीच ताटं वाढून झाली होती, कुणी घास उचलला नव्हता. पहिलं ताट होतं पोरीच्या वडिलांचं. पांढऱ्या मिशांचे, मोठं पागोटं बांधलेले गृहस्थ. मी त्यांच्यापुढं बसले आणि त्यांच्या ताटातला शिरा दोन्ही हातांनी तोंडात कोंबला.

कुणीतरी म्हणालं, अंगात आलंय. लगेच दुसऱ्यानं ते उचललं. सासूबाई हळदकुंकवाचा करंडा घेऊन आल्या, माझ्या कपाळावर मळवट भरला आणि हात जोडून विचारायला लागल्या की माय, तू कुठली, तुझं काय राहिलंय. मी शिरा खात होते. माझे मालक त्याच पंगतीत, तीन ताटं सोडून बसले होते. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी नजर ताटाकडे वळवली.

शिरा पोटात गेला तशी थरथर ओसरायला लागली. माणसांचे चेहरे पुन्हा दिसायला लागले. आधी मला लाज वाटली, हे खरं आहे. तोंडाला तूप, कपाळावर कुंकू ओघळलेलं, समोर परकी माणसं. पण ती लाज टिकली नाही. त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी मला विचारलं, "पोरी, तू कोन हायस?"

मी म्हणाले, "मी ह्यांच्या धाकट्याची बायको."

ते सासऱ्यांकडे वळले. "पाटील, तुमी तर म्हनला व्हता, ती अंथरुणाला खिळलीया. चार दिसांची सोबती हाय."

मग मीच बोलले. पदर डोक्यावर घेतला, तोंड पुसलं, आणि सगळ्यांसमोर सांगितलं की मला साखरेचा आजार आहे, मी रोज सुई घेते, सुई घेतली की मी तुमच्या-आमच्यासारखीच आहे. सुई घेतल्यावर वेळेवर घास मिळाला नाही तर असं होतं, आणि आज तुमच्या पायी मला घास मिळाला नाही. अंगात कुणी आलेलं नाही. मी इतका वेळ पुरुषांपुढं कधीच बोलले नव्हते. माझा आवाज कापला नाही.

ते गृहस्थ उठले आणि ताटाला हात न लावता अंगणात गेले. त्यांचा भाऊही उठला. जाताना ते सासऱ्यांना म्हणाले, "मी लेक देतो म्हनलो ती हिच्या मागं. हिच्या देखत न्हाई."

लोक नंतर त्यांच्या भलेपणाच्या गोष्टी सांगायचे. मला त्यात भलेपणा दिसला नाही. मी मरते आहे एवढ्यावर त्यांची हरकत नव्हती. मी मेले नव्हते, यावर हरकत होती.

त्या दिवशी घरात चूल पुन्हा पेटली नाही. सासरे ढेलजेत एकटेच बसून राहिले, अब्रू गेली एवढंच अधूनमधून म्हणत. सासूबाई देवापुढं. मी दिवस मावळायच्या आत मालकांना गोठ्याकडं बोलावून घेतलं. ते आले, बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

"मला काय होतंय, तुमाला ठाव होतं का न्हाई?"

"व्हतं."

"गूळ द्यावा लागतोय, ठाव होतं?"

"व्हतं."

"मग गप कावून बसलात?"

ते बैलाचं वशिंड खाजवत राहिले. मग म्हणाले, "पावणे व्हते."

मी आयुष्यात पुष्कळ ऐकून घेतलं, पण त्या दोन शब्दांइतकं मला काही लागलं नाही. त्यांनी खोटं सांगितलं असतं, कळलं नाही म्हणाले असते, तरी चाललं असतं. ते वाईट माणूस नव्हते. मला कधी हात लावला नाही, शिवी दिली नाही. पण चार माणसांसमोर माझ्यासाठी एक शब्द काढायचा, तर तो त्यांच्या गळ्यातून निघत नव्हता, माझा जीव गेला तरी.

मी त्यांना सांगितलं की उद्यापासून मागच्या सोप्यात माझी चूल वेगळी. माझं पीठ, माझं पाणी, माझा गूळ माझ्या हाताखाली. सुई घेतली की मी माझी भाकर खाणार, पंगत बसो न बसो. आणि औषध आणायला परळीला तुम्ही स्वतः जायचं, गड्याला पाठवायचं नाही. हे जमणार नसेल तर लेकीला घेऊन मी नेकनूरला जाते, आणि जाताना वाटेवरच्या प्रत्येक गावात का जाते ते सांगत जाते.

ते ढेलजेत गेले. आत बापलेकांचं काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही, पण सासऱ्यांचा आवाज चढला, आणि मग मालकांचाही चढला. त्यांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला. सकाळी ते स्वतः माती कालवून माझी चूल घालायला बसले. चूल वाकडी झाली. मी ती मोडून पुन्हा घातली.

सोयरीक मोडली ती मोडलीच, दुसरी कुणी आणली नाही. सासऱ्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं, ते दोन-तीन वर्षं. मालक महिन्यातून एकदा परळीला जायचे, उन्हाळ्यात बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून मांडीवर घेऊन यायचे. आणि एक नवीच गोष्ट सुरू झाली, तिचा मला त्या सगळ्यापेक्षा जास्त वैताग आला. मी रागावले की घरातलं माणूस लगेच गूळ पुढं करायचं. सासूबाई पाण्यावरून टाकून बोलल्या आणि मी उत्तर दिलं, की जाऊ म्हणायची, खडा खा. मी मालकांना विचारलं की लेकीला शाळेत का घालत नाही, आवाज जरा वर गेला, की ते उठून माझ्या डब्यातून गूळ काढायचे. साखर उतरली असं त्यांनी मनाशी धरायचं, आणि मी काय म्हणत होते ते तिथंच राहायचं. माझा राग म्हणजे आजाराचं लक्षण होऊन बसला.

एकदा त्यांनी असाच हात पुढं केला तेव्हा मी तो गूळ घेतला आणि चुलीत टाकला. जळक्या साखरेचा वास घरभर झाला.

"आत्ताच भाकर खाल्लीया म्या," मी म्हणाले. "साखर जागच्या जागी हाय. हा राग माझा हाय. बसा आन् ऐका."

ते बसले. मी लेकीच्या शाळेचं बोलले, माझ्या ताटाचं बोलले, पावणे व्हते त्याचंही बोलले, सगळं. त्यांनी ऐकलं. पुढच्या साली लेक शाळेत गेली. ताट मात्र वेगळंच राहिलं, ते त्यांच्या हातात नव्हतं. सासूबाई असेपर्यंत त्या घराच्या चुलीवरचं मी खाल्लं नाही.

बऱ्याच वर्षांनी गावच्या देशमुखांना हाच आजार झाला. देवळाचा कारभार त्यांच्याकडं होता, गावात त्यांच्या शब्दावर सगळं चालायचं. त्यांना हैदराबादेला नेताना गाड्यांची रांग लागली होती. परत आले ते सुई घेऊनच. त्यांच्या घरून सासूबाईंना निरोप आला, की तुमच्या सूनबाईंना ठाऊक आहे तर बाटली कशी ठेवायची ते त्यांना येऊन दाखवायला सांगा. सासूबाईंनी मला नवं लुगडं काढून दिलं आणि जाऊन ये म्हणाल्या.

मी गेले. देशमुखीणबाईंना गाडगं, वाळू, फडकं सगळं दाखवलं. सुई कशी उकळायची ते दाखवलं. देशमुख चौरंगावर बसले होते, नुकतेच देवपूजा करून उठलेले, कपाळाला गंध. बाटली कुठं ठेवली आहे म्हणून मी विचारलं, तर बाईंनी मला स्वयंपाकघरात नेलं. बाटली पाण्याच्या घागरीपाशीच ठेवली होती.

मी विचारलं, "ह्यांचं ताट येगळं केलं न्हाई का?"

बाईंना समजेना. "कशापायी?"

मी त्यांना सांगितलं कशापायी. बैलाचं, डुकराचं, मोटेचं, माझ्या बाटलीचं, कुलपाचं. त्या ऐकत राहिल्या आणि मग म्हणाल्या की अहो, ते औषध आहे, औषधाला कसला विटाळ. अगदी सहज म्हणाल्या. मला चहा दिला, बिनसाखरेचा, आणि देशमुखांनाही तसलाच. मी तो प्याले नाही. घरी आले, नवं लुगडं सोडून दांडीवर टाकलं, आणि माझ्या चुलीपाशी बसून भाकरीचं पीठ मळायला घेतलं.